कंडक्टरचं कपाट

माझी धाकटी जाऊ ऑर्डरप्रमाणे रुखवत करून देते. निमगाव केतकीपासून कळंबपर्यंत ज्या घरात मुलीचं लग्न ठरतं, त्या घरातून पहिला फोन मंगल कार्यालयाला जातो आणि दुसरा तिला. सुपारीचे नवरा-नवरी, तांदळाच्या दाण्यांचं तुळशीवृंदावन, साखरेची बैलगाडी. सगळ्यावर चमकी मारायची, मोबाईलवर व्हिडिओ टाकायचा, की खाली हात जोडलेल्या चित्रांची रांग लागते. मी शाळेत चित्रकला शिकवते. पुण्यात राहून रीतसर शिकलेली आहे. पण आमच्याकडे पाहुणा आला आणि त्याने विचारलं की घरात कलाकार कोण, तर सासूबाई तिच्याकडे बोट दाखवतात.

हे आपल्याला हसत हसत सांगता येईल असं मला बरीच वर्षं वाटत होतं. नाही येत. मला ते लागतं, आणि ते लागलेलं माझ्या तोंडावर दिसतं, असं आमचे हे म्हणतात.

तिचं काम एका शब्दात सांगता येतं. माझं सांगायला चार वाक्यं लागतात, आणि तिसऱ्या वाक्याला समोरचा माणूस चहाचा कप खाली ठेवून घड्याळ बघतो. मी वस्तू गोळा करते. आठवडी बाजारातून, भंगारवाल्याकडून, उन्हाळ्यात उजनीचं पाणी मागे सरकलं की उघड्या पडणाऱ्या गाळातून. पण माझ्यासाठी म्हणून नाही. आधी मी मनात एक माणूस उभा करते, ज्याला अमुकच गोष्टी साठवायचा नाद आहे. मग त्याच्या वतीने मी हिंडते आणि त्याची पेटी तयार करते. मागे जुने कागद चिकटवायचे, त्यावर रंग, चुना, दोरा, पत्रा, जे त्या माणसाला शोभेल ते, आणि पुढे खणाखणात त्याच्या वस्तू. नरसिंहपूरला संगमावर मी अशी एक बाई बसवलेली आहे. ती पाण्याने गुळगुळीत झालेले बांगड्यांचे तुकडे वेचते, दुसरं काहीही वेचत नाही. दुसरा एक माणूस आहे, त्याने आयुष्यभर किल्ल्या जपल्या आणि कुलपं टाकून दिली. ही माणसं कुठेच नाहीत, पण मला ती शेजारणींपेक्षा जास्त ओळखीची आहेत.

एकदा बारामतीत आम्हा कलाशिक्षकांचं प्रदर्शन भरलं होतं. मी दोन पेट्या नेल्या होत्या. एक गृहस्थ किल्ल्यांच्या पेटीपुढे थांबले, वाकले, आणि मी दोन पावलं पुढे सरकले. त्यांनी काचेवर बोट टेकवून विचारलं, "मॅडम, ह्यात देव बसत्याल का?"

मी म्हटलं, हे देवघर नाही.

"तसं न्हाय. किल्ल्या काढून दिल्या तर बसत्याल की."

मी नाही म्हटल्यावर ते शेजारच्या सूर्यास्ताकडे गेले. त्या सूर्यास्तापुढे बराच वेळ उभे होते. तो सूर्यास्त कुणी काढला होता ते मला ठाऊक होतं, आणि कुठल्या कॅलेंडरवरून काढला होता तेही.

बक्षीस, पेपरात नाव, यातलं मला काही नको होतं. कुणीतरी एकदा माझ्या एका पेटीपुढे उभं राहावं आणि शेवटच्या खणापर्यंत बघावं, एवढंच हवं होतं. एवढंच म्हणते खरी, पण रात्रंदिवस तेच हवं असलं की ते एवढंसं राहत नाही.

त्यानंतर मी कंडक्टरचं कपाट केलं. एका औषधाच्या दुकानदाराने नवीन फर्निचर केलं तेव्हा त्याचं जुनं काचेचं कपाट मला मिळालं. माझ्या मनातला कंडक्टर जन्मभर इंदापूर-बारामती गाडीवर होता, एकटा राहायचा आणि लोक गाडीत विसरून गेलेल्या वस्तू घरी आणून ठेवायचा. मागच्या फळीवर मी जुन्या तिकिटांचे कागद चहाच्या पाण्यात बुडवून चिकटवले. खणांमध्ये काडी तुटलेला चष्मा, लाल नाडा बांधलेली किल्ली, लहान मुलाचं एक सँडल, तंबाखूची चंची, मोत्याची नथ. प्रत्येक वस्तूखाली कंडक्टरच्या वाकड्या अक्षरात एक चिठ्ठी: 'कळंब फाटा, खिडकीजवळ.' 'निमगाव, बाजारचा दिवस.' नथ खोटीच होती, बाजारातली, आणि तिचा एक मोती पडलेला होता. त्या जागी मी जोंधळ्याचा दाणा पांढरा रंगवून, मोटारीच्या वाइंडिंगच्या तारेने मागून बांधून बसवला. समोरून बघणाऱ्याला तो मोतीच दिसायचा. एका दाण्यात माझी अख्खी दुपार गेली आणि मी ते कुणाला सांगितलं नाही. सांगणार कुणाला?

माझी काम करायची जागा म्हणजे मळ्यातली फवारणीचे पंप ठेवायची खोली. एके दिवशी जाऊ तिथे आली. कानाला फोन होता, कुणाशी तरी फेट्याच्या रंगावरून वाद चालला होता. बोलता बोलता तिने कपाटावरून नजर फिरवली, फोन ठेवला आणि विचारलं, "आक्का, हा कंडक्टर खरा हाय का?"

"नाही."

"मग तुमी त्याच्या वतीनं गोळा करता व्हय?"

"हो."

"आसं व्हय," म्हणाली, आणि पुन्हा फोन आला म्हणून निघून गेली. कपाटाकडे तिने धड बघितलंही नाही, याचा मला राग आला. तो राग मी दोन दिवस भाकऱ्या थापताना काढला.

पुढे माझ्या नणंदेच्या मुलीचं लग्न ठरलं. मुलगा बारामतीकडचा, लग्न इंदापूरच्या बाहेर रस्त्याकडेच्या मंगल कार्यालयात. रुखवत अर्थातच धाकट्या मामीकडे. सासूबाई मला म्हणाल्या, "तू बी काहीतर ठेव. थोरली मामी हायस, बरं दिसत न्हाय."

मी कंडक्टरचं कपाट ठेवायचं ठरवलं. भाचीवरच्या मायेने ठरवलं असं मी म्हणणार नाही. जावेच्या साखरेच्या बैलगाडीशेजारी माझं कपाट उभं राहिलं, की आंधळ्यालाही फरक दिसेल असा माझा हिशोब होता.

लग्नाच्या सकाळी कपाट टेम्पोतून नेलं, मांडलं, काच पुसली आणि शेजारी बघितलं. बैलगाडी नव्हती. तुळशीवृंदावन नव्हतं. चमकीचा कण नव्हता. जावेने एक जुनी पत्र्याची ट्रंक उघडून ठेवली होती आणि तिच्याभोवती वस्तू मांडल्या होत्या. वर पुठ्ठ्यावर लिहिलं होतं: 'आमची नवरी म्हातारी झाल्यावर तिच्या ट्रंकेत काय काय सापडलं.'

पहिल्या स्वयंपाकाची काळी पडलेली सांडशी. एकापेक्षा एक जाड भिंगांचे तीन चष्मे. काच तडकलेला मोबाईल, त्याला दोऱ्याने बांधलेला चार्जर. आज नवरीच्या अंगावर होता तसल्याच शालूच्या कापडाची गोधडी, मुद्दाम धुऊन धुऊन विटवलेली. वाळलेला गजरा. आणि सगळ्यांत खाली, अजून न जन्मलेल्या नातवाचं टोपडं, कडेला मोती लावलेलं.

आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हा. माणूस कल्पायचा, त्याच्या वतीने गोळा करायचं, ही रीत माझी होती. तिने ती फोनवर बोलता बोलता उचलली आणि थेट नवरीवर लावली. आणि वाईट हे की ते फार चांगलं झालं होतं. मी शिकलेली आहे, मला चांगलं कळतं. त्या ट्रंकेपुढे उभी राहून मला जे झालं त्याला आमच्याकडे पोटात दुखणं म्हणतात, आणि खरोखर बेंबीच्या वरच दुखतं.

मांडून झाल्यावर जाऊ करंडा घेऊन फिरली. आमच्या घरात रुखवताच्या प्रत्येक वस्तूला हळदीकुंकवाचं बोट लावायची पद्धत आहे. बोट लागलं की ती वस्तू सासरची झाली. ती माझ्या कपाटापाशी आली, बोट पुढे केलं.

मी म्हटलं, "काचेला नको लावू. ही कलाकृती आहे."

"बरं," म्हणाली, आणि बोट पदराला पुसलं.

मग लोक आले. ट्रंकेभोवती कडं झालं. भाची शालूसकट खाली बसली आणि ते टोपडं हातात घेऊन रडायला लागली. तिची होणारी आजेसासू सगळ्यांत जाड चष्मा डोळ्याला लावून गोधडी चाचपत म्हणाली, "ह्या पोरीला म्हातारपणाचं एवढं कसं कळलं गं?" आमचे हे माझ्याजवळ येऊन म्हणाले, "तिचं झकास जमलंय या वेळंला." मी त्यांच्याकडे बघितलं, तेव्हा ते आईस्क्रीमकडे गेले.

माझ्या कपाटावर फोटोग्राफरने त्याची बॅग ठेवली. कुणीतरी अर्धा प्यालेला सरबताचा ग्लास ठेवला. सजावटवाल्याच्या माणसांनी नंतर ते उचलून हात धुवायच्या जागेजवळ सरकवलं, कारण ट्रंकेच्या फोटोत ते मधे येत होतं. एकच बाई त्याच्यापुढे थांबली. तिने मला विचारलं, "ह्यात मलम आसंल का वो? पोरगं पडलंय."

जेवणं झाली, पाठवणी झाली. रुखवत भरताना नवरदेवाचे चुलते ओरडून सांगत होते, "कुंकू लागलंय तेवढंच उचला रं. दुसऱ्याचं काय घेऊ नका." सरळ माणसं. त्यांनी दुसऱ्याचं काहीच घेतलं नाही.

मला हे नंतर कळलं. मी समजत होते, कपाट बारामतीला गेलं. भाची पहिल्यांदा माहेरी आली तेव्हा नणंद म्हणाली, "वैनी, तुमचं कपाट तितं कुठं दिसलं न्हाय." जावेने कार्यालयात फोन लावला. कपाट तिथेच होतं. कार्यालयाचंच सामान समजून त्यांनी ठेवून घेतलं होतं. आमचे हे म्हणाले, पिकअप घेऊन जातो. मी म्हटलं, राहू दे. दोनदा म्हटलं. लोकांनी आपापल्या चपला तेवढ्या आठवणीने नेल्या आणि माझं कपाट कार्यालयाचं सामान ठरलं, तर ते कार्यालयाचंच राहू दे.

इकडे ट्रंकेचा व्हिडिओ फिरत होता. जावेला बारामतीहून ऑर्डरी यायला लागल्या. 'ट्रंकवाल्या ताई' म्हणून लोक तिला ओळखायला लागले. शाळेत एक सहकारी बाई मला म्हणाल्या, "तुमच्या जाऊबाईंचं डोकं काय चालतं हो!" मी म्हटलं, चालतं खरं. त्या महिन्यात मी खोलीचं कुलूपच काढलं नाही. पिकतं तिथं विकत नाही, असं स्वतःला समजावलं. पण तीही पिकली त्याच घरात होती आणि विकत होती, त्यामुळे या म्हणीचा मला काही उपयोग झाला नाही.

काही महिन्यांनी चुलत दिराच्या मुलीचं लग्न त्याच कार्यालयात निघालं. रुखवत जावेचंच. आम्ही दोघी एकाच गाडीतून गेलो, मागे तिची नवी ट्रंक खडखडत होती. मी ठरवलं होतं की हात धुवायच्या जागेकडे बघायचंच नाही.

तिथे गर्दी होती. आधी वाटलं, पाणी गेलं असेल. जवळ गेले तर बायका-माणसं ओल्या हातांनी माझ्या कपाटापुढे उभी होती. वाकून बघत होती, एकमेकांना बोटाने दाखवत होती. एक बाई लेकराला उचलून वरचा खण दाखवत होती.

मी मधे घुसले. खण भरलेले होते, पण वस्तू माझ्या नव्हत्या. एका कानातला झुमका. बारक्या पोराचा एकच बूट. दुधाची बाटली. गाडीची किल्ली. कुणाच्या तरी दातांची कवळी. आणि प्रत्येकीखाली चिठ्ठी, माझा कंडक्टर लिहायचा तशीच, पण दुसऱ्या अक्षरात. 'हळदीचा दिवस, मोरीत.' 'पहिली पंगत, खांबाजवळ.' झुमक्याखाली लिहिलं होतं: 'करवली. नाचताना.'

ती चिठ्ठी मी दोनदा वाचली. करवली, नाचताना. माझ्या एकाही चिठ्ठीत इतकं काही आलेलं नव्हतं. मी कळंब फाट्यावरच अडकून बसले होते.

कार्यालयाचं सगळं बघणारे टोपीवाले तात्या शेजारी खुर्ची टाकून बसलेले होते. मी विचारलं, हे काय आहे.

"लोकं इसरून जात्यात, मॅडम. आदी मी पिशवीत टाकायचो, मग कुणी इचारलं तर समदी पिशवी उलटी करायला लागायची. हे कपाट कुणीतर ठेवून गेलं. ह्यात आदीचंच सामान हुतं, चिठ्ठ्या लावल्याली. म्हणलं, ह्येच बरं हाय. तसंच पुढं चालू ठेवलं."

"आधीचं सामान कुठे गेलं?"

"ज्याचं त्यानं नेलं."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. मी म्हटलं, म्हणजे कुणी नेलं?

"आवं, ज्याचं त्यानं. खूण सांगायची आन् न्यायचं. चष्मा नरसिंहपूरच्या एका आबांनी नेला. डोळ्याला लावून बघितला, म्हणले माझाच, एष्टीतच इसरलो हुतो. चंची एकानं नेली, बापाची म्हणून. किल्ली एका बाईनं नेली, कपाटाची हाय म्हणाली. परत आली न्हाय, म्हंजी लागली आसंल."

चष्मा मी भंगारवाल्याकडून घेतला होता. किल्ली कुठल्याच कपाटाची नव्हती. माझ्या मनातल्या माणसाकडे, मनातल्या प्रवाशांनी विसरलेल्या वस्तू, आणि त्या ओळखायला माणसं आली, खूण पटवून घेऊन गेली. मला हसावं की ओरडावं ते कळेना. हे सगळं माझं आहे, असं मला त्या गर्दीला सांगायचं होतं. 

तात्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "तुमचं काय हरवलंय, मॅडम?"

मी कपाटाकडे बघत राहिले. कोपऱ्याच्या खणात माझी एकच वस्तू उरली होती. नथ. तिच्याखाली माझी चिठ्ठी अजून होती: 'निमगाव, बाजारचा दिवस.'

तेवढ्यात मागून जावेचा आवाज आला. "तात्या, ती नथ माझी हाय."

मी वळून बघितलं. ती माझ्याकडे बघत नव्हती.

"खूण सांगा," तात्या म्हणाले.

"सात मोती हायती. त्यातला डावीकडनं तिसरा मोती न्हायच. जुंधळ्याचा दाणा हाय, पांढरा केल्याला. मागनं तांब्याची तार हाय, मोटारीतली."

तात्यांनी काच सरकवली, नथ काढली, उजेडात धरली. नखाने तिसरा मोती हळूच खरवडला. मग नथ उलटी करून तार बघितली. मागची माणसंही वाकून बघत होती.

"बराबर," म्हणाले, आणि नथ तिच्या हातावर ठेवली.

मी तिला दंडाला धरून खांबाआड नेलं. "ती नथ तुझी कधीपासून?"

"आपली हाय म्हणलं तरच देत्यात ना."

"आणि दाण्याचं तुला कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला पायजे? तुमी शाळंत गेला की मी जायची तुमच्या खोलीत. किल्ली पत्र्याखाली असती, ठावं हाय की मला. समदं कपाट बघितलं, खणा-खणानं. नथ तर काढून बघितली. तांदळाचं काम करती मी आक्का, मला दाणा कळत न्हाय व्हय?" मग तोंड वाकडं करून ती म्हणाली, "दोन रात्री झोप न्हाय लागली मला. म्हणलं, हे मला का सुचलं न्हाय."

 तिने कपाटाकडे हनुवटी उडवली. तिथे आता दुसरी माणसं येऊन उभी होती.

"आपल्या भाचीच्या सासरी गेल्ती मी परवा. माझी ट्रंक माळ्यावर टाकलीया, वर गाद्या रचल्यात. एक दिस रडली लोकं, झालं. आन् हितं बघा. दर मुहूर्ताला गर्दी. हात धुवायला आल्यालं माणूस बी हलत न्हाय." ती खरंच चिडलेली होती. आवाज बारीक झाला होता. तिला असं चिडलेलं मी पूर्वी कधी बघितलं नव्हतं, कारण आमच्या घरात चिडायचं काम माझ्याकडे होतं.

"मग नथ कशाला घेतलीस?"

"ती तार कशी वळवलीया ते बघायचंय मला, नीट. मग लावीन कुठंतर." तिने पर्सची चेन लावली.

आतून कुणीतरी रुखवतवाल्या ताईंना हाक मारली आणि ती करंडा घेऊन गेली. मी खांबाला टेकून उभी राहिले. एक म्हातारी कपाटापुढे आली, पदराने हात पुसले आणि वरच्या खणापासून एकेक चिठ्ठी वाचायला लागली. अक्षर ओळखत थांबत थांबत वाचत होती. शेवटच्या खणापर्यंत गेली. मग पुन्हा वर आली.

पंगतीत जावेने माझ्यासाठी शेजारची जागा धरून ठेवली होती. मी बसले. तिने माझ्या पानात स्वतःच्या पानातली एक जिलबी टाकली, मी खाल्ली. इतकं बरं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. तिची पर्स आम्हा दोघींच्या मधे सतरंजीवर ठेवलेली होती, आणि मला माझी नथ परत हवी होती.